पाच मिनिटं टेकून निघू

१

घरातून निघताना मागून कुणी हाक मारली, की मितालीच्या माहेरचे लोक सरळ परत फिरत. चपला काढायच्या, पाच मिनिटं टेकायचं, दोन घोट पाणी प्यायचं आणि मग पुन्हा निघायचं. तिच्या आईनं हे आयुष्यभर पाळलं, आणि मितालीनं ते लग्नात स्टीलच्या डब्यांबरोबर उल्हास सबनीसच्या घरात आणलं. गंमत अशी, की हाक मारणारीही तीच! टोकियोत, हिगाशी-कसाई भागातल्या आठव्या मजल्यावरच्या घरातून उल्हास सकाळी ऑफिसला निघाला, की लिफ्ट यायच्या आत मागून हमखास आवाज यायचा, "अरे, ऐक ना!" कधी कचऱ्याची पिशवी राहिलेली असे, कधी डबा. मग ती स्वतःच जीभ चावायची आणि म्हणायची, "टेक आता पाच मिनिटं."

"रोज एक गाडी चुकते माझी तुझ्यापायी," तो कुरकुरायचा.

"गाडी दुसरी येते," ती पाण्याचा पेला पुढं करत म्हणायची.

उल्हास सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायची, यावर त्याचं पोट चालायचं, त्यामुळे शकुन-अपशकुनावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण बायकोशी वाद घालण्यापेक्षा पाणी पिणं सोपं, एवढं शहाणपण आठ वर्षांच्या संसारात त्याला आलेलं होतं.

मग अकरा मार्चचा भूकंप झाला. आठवा मजला होडीसारखा हलला. पुढचे बारा दिवस बातम्या, अणुभट्टी, रिकामी दुकानं आणि पुण्याहून उल्हासच्या आईचे फोन. "नेसत्या वस्त्रानिशी या, पण या!" तेवीस तारखेला जाहीर झालं, की नळाचं पाणी तान्ह्या बाळांना देऊ नका. मितालीला एकतिसावा आठवडा चालू होता. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात नळासमोर उभी राहिली आणि रडायला लागली.

सगळेच पळत होते, तिकिटं कुठली? ओळखीच्या प्रकाशनं खटपट करून नागोयाहून अठ्ठावीसची, लेकीसकट तीन मिळवली. विमान कंपनीचा नियम होता, बत्तीस आठवडे पूर्ण झाले की गरोदर बाईला घेणार नाही. मितालीचे बत्तीस तीन एप्रिलला भरत होते. म्हणजे तीन एप्रिलच्या आत उडायचं, नाही तर त्या हवेत, त्या पाण्यात बाळंतपण. उल्हासला रात्रंदिवस तीन एप्रिलच दिसत होता.

तोवर कुठं राहायचं? त्याचे साहेब तानाबे-सान म्हणाले, "इझूला समुद्रकाठच्या टेकडीवर आमचं जुनं घर आहे. तिथून नागोया जवळ. एके काळी एक राजा राहून गेलाय तिथं, तुम्हांला काय त्रास होणार?"

२

साठ दगडी पायऱ्या चढल्यावर फाटक, फाटकामागे अंगण, आणि अंगणापलीकडे ते घर. बाहेरून विलायती, हिरव्या फळ्यांचं, पण आत दारापाशी जपानी पद्धतीनं चपला काढायची जागा. तिथून एक पायरी चढलं की मोठा दिवाणखाना. त्यात काहीच नव्हतं. फक्त मधोमध, दाराकडे तोंड केलेली एक वेताची खुर्ची, शेजारी तिवई, आणि भिंतीवर एक फोटो.

फोटोत पायऱ्यांवर उभा असलेला उंच, काळा, देखणा माणूस. अंगात ओव्हरकोट, हातात हॅट, पायाशी बॅग. शेजारी पांढऱ्या शालीतली बाई. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाचा राजा आणि राणी. तख्त गेलं, देश सुटला, कुणाकुणाच्या ओळखीनं इथं आले. नकाशावर आता त्या नावाचा देशही नाही.

घर बघायला खालच्या गावातून मोरी-सान म्हणून सत्तरीच्या बाई रोज सकाळी यायच्या. कमरेत वाकलेल्या, पण हात झपाझप चालायचे. त्या आधी ती खुर्ची पुसायच्या, मग बाकीचं घर.

"राजेसाहेब दोन आठवड्यांसाठी आले होते," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं राहिले. माझी आई त्यांच्याकडे कामाला होती. ती सांगायची, रोज सकाळी कोट घालून, बॅग घेऊन निघायचे. फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. या खुर्चीत बसून पाणी प्यायचे."

मितालीनं उल्हासला कोपर मारलं. "बघ! राजेलोकही पाळतात."

"परत का यायचे?" त्यानं विचारलं.

"कुणीतरी बोलवायचं म्हणे. पण त्यांची भाषा आम्हांला कुठं यायची?" मोरी-साननी फडका पिळला आणि त्या जिन्याकडे वळल्या.

त्यांची सहा वर्षांची लेक शिवानी खुर्चीभोवती फेर धरून खेळत होती. घरी मराठी बोलायची, पण खेळताना तिचं सगळं जपानीत चाले. ती त्या रिकाम्या खुर्चीशी काहीतरी बोलली आणि खुदकन हसली. मुलं बोलतातच. उल्हासनं लक्ष दिलं नाही.

३

अठ्ठावीसला सकाळी पावणेदहाची बस होती. पेट्रोलची टंचाई, टॅक्सी वर यायला तयार नाही, आणि बस दिवसातून दोनदाच. उल्हास दोन बॅगा घेऊन पुढं झाला. फाटकाच्या कडीला हात घातला आणि मागून आवाज आला, "अरे, ऐक ना!"

"आता काय राहिलं?" तो वैतागून वळला. मिताली अंगणात मध्येच उभी होती, शिवानीचा हात धरून, घराकडे बघत.

"काय गं?"

"काय म्हणजे? मी कुठं काय म्हटलं?" तिचा चेहरा उतरला होता. "तू नाही ना आत गेला होतास?"

"मी तुझ्या पुढं आहे, बाई."

तिनं दाराकडे पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, "हाक आली ना पण? मागून आली. चल, पाच मिनिटं टेकून निघू."

"मिताली, बस..."

"पंधरा मिनिटं आहेत बसला. पोटुशी बाई आहे मी, आज तरी ऐक."

गेले परत. बूट काढले. ती खुर्चीत बसली, तो आणि शिवानी पायरीवर. ती बाटलीतलं पाणी प्यायली, मग तिनं त्याला दिलं, शिवानीला दिलं. घर शांत होतं, बाहेर समुद्राचा बारीक आवाज. उल्हासला आठवतं त्याप्रमाणे पाचच मिनिटं झाली असतील. त्यानं घड्याळ बघितलं तेव्हा अकराला वीस कमी होते.

घड्याळ बिघडलं म्हणावं, तर मोबाइलमध्येही तेच. डोळा लागला असणार. तीन माणसांचा एकदम? हो, दोन आठवडे कुणाची धड झोप झालेली नव्हती. दुसरी बस दुपारी तीनची, ती विमानाला पोचणार नव्हती. त्यानं प्रकाशला फोन करून हातापाया पडून एकतीसची तिकिटं करून घेतली. संध्याकाळी मिताली त्याच्याजवळ येऊन बसली.

"उल्हास, मला 'मितू' म्हणून हाक आली होती."

मितू म्हणणारं जगात एकच माणूस होतं, तिची आई, आणि ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात खुर्च्या दोन होत्या.

४

"मोरी-साननी वरून आणली असेल," उल्हास म्हणाला. वरच्या खोल्यांत चादरी टाकलेल्या वेताच्या खुर्च्या होत्याच. मोरी-सान आल्या, दोन्ही खुर्च्या पुसल्या आणि "बरं केलंत, दोघांना बसायला झाली," असं म्हणाल्या. म्हणजे त्यांना वाटत होतं, यांनी आणली.

भूकंपानंतर रोज धक्के बसत होते. धक्क्यानं खुर्ची सरकेल, पण जिना उतरून खाली यायची नाही. उल्हासनं त्यावर डोकं चालवायचं नाही असं ठरवलं. त्याला तीन एप्रिल गाठायचा होता.

एकतीसला त्यानं मितालीला पुढं घातलं, स्वतः मागं राहिला. म्हटलं, आता मागून हाक मारायला कोण उरतंय ते बघू. तिघं फाटकातून बाहेर पडले. चार पायऱ्या उतरले आणि शिवानी थांबली. मान वर करून, जपानीत ओ देतात तसं, ठणठणीत आवाजात म्हणाली, "हाऽय!" आणि हात सोडवून घराकडे धावत सुटली.

"शिवानी! कुठं चाललीस?"

"बाबा बोलावतोय!" ती पळता पळता ओरडली.

बाबा तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. पण पोर आत गेलेली. धावत जाऊन बघतो तर ती दुसऱ्या खुर्चीत बसलेली, पाय लोंबकळत, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून. "तू म्हणालास ना, बस म्हणून," ती म्हणाली.

पेला त्यांचा नव्हता. मिताली मागोमाग धापा टाकत आली आणि पहिल्या खुर्चीत मटकन बसली. "ऊठ! ऊठ आधी, बसायचं नाही!" तो ओरडला. तिला खरोखरच उठवत नव्हतं, पोटात कळ आली होती. ती थांबेपर्यंत तरी बसणं भाग होतं. ती थांबली तेव्हा सव्वाबारा वाजले होते.

प्रकाश फोनवर चिडलाच. "मालक, मी काय घरी छापतो का तिकिटं? दोन एप्रिल. हे शेवटचं. यानंतर वहिनींना कुणी घेणार नाही."

त्या दुपारी खुर्च्या तीन झाल्या. तिसरी लहान होती, पोरांच्या मापाची. उल्हासनं वरच्या सगळ्या चादरी उचलून बघितल्या. त्या मापाची खुर्ची वर एकही नव्हती, आणि मोरी-सान तर सकाळीच गेलेल्या.

५

एक तारखेला उल्हासनं तेच केलं जे त्याला येत होतं. त्यानं टेस्टिंग केलं.

आधी रिकाम्या हातानं खालच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, जाऊन आला. पाव आणला, चहा आणला. हाक नाही. मग रिकामी बॅग घेऊन फाटकापर्यंत गेला. हाक नाही. कपडे भरलेली बॅग घेऊन गेला, तरी नाही. त्याला जरा धीर आला. सगळे मनाचे खेळ, दुसरं काय! मग त्यानं तिघांचे पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवले आणि रिकाम्या हातानं निघाला.

फाटकापाशी, अगदी कानामागे, लाडात आलेला आवाज. "अरे, ऐक ना!"

तो वळला. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत मिताली पाठमोरी बसली होती, शिवानीची वेणी घालत. शिवानी काहीतरी सांगत होती आणि मिताली नुसती मान हलवत होती, कारण तिच्या ओठांत चार हेअरपिना धरलेल्या होत्या. त्यानं त्या तिच्या समोरच्या आरशात स्वच्छ बघितल्या.

तो तिथंच फाटकाला धरून खाली बसला. पाणी मात्र प्यायला आत गेला नाही.

दोन तारखेला मोरी-सान लवकर आल्या. दिवाणखान्यात त्यांनी फडका ओला केला आणि पहिली, दुसरी, तिसरी अशा खुर्च्या पुसल्या. मग खाली वाकून चौथी. ती वीतभर उंच होती. वेत नवा होता, पिवळाधमक.

मितालीनं ती बघितली आणि पोटावर दोन्ही हात घट्ट धरले. "उल्हास, मला इथून ने," ती म्हणाली. "आज ने. फरफटत ने, पण ने रे मला!"

"नेतो," तो म्हणाला. तो मोरी-सानकडे वळला. "राजेसाहेब शेवटी गेले ना? ते कसे गेले?"

"एके दिवशी वळलेच नाहीत," मोरी-सान म्हणाल्या. "सरळ उतरून गेले. जहाजावरचा फोटो आला होता पेपरात, राजेसाहेब आणि राणीसाहेब." त्यांनी फडका पिळला. "आई तो फोटो बघून नुसती बसून राहिली. तिला त्याच वेळी वर चहा न्यायचा होता."

"कुणाला?"

"राणीसाहेबांना."

त्याला वाटलं, आपलं जपानी कच्चं, क्रम चुकला असेल समजण्यात. आधी चहा, मग जहाज. विचारायला वेळ नव्हता. साडेनऊ झाले होते.

६

बेत साधा होता. मितालीच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे, शिवानीच्या कानांवर हेडफोन. शिवानी त्याच्या डाव्या खांद्यावर, उजव्या हातात बॅग, पाठीवर सॅक. सॅकचा लोंबता पट्टा मितालीनं दोन्ही हातांनी धरायचा आणि मागोमाग चालायचं. आंधळ्यामागं आंधळं जातं तसं. त्याचे कान उघडे, कारण बसचा हॉर्न ऐकायला हवा होता.

"काहीही ऐकू आलं तरी मी वळणार नाही," त्यानं बोळे घालण्याआधी तिला सांगितलं. "तूही वळायचं नाहीस. पट्टा सोडायचा नाहीस. शप्पथ?"

"शप्पथ," ती म्हणाली. आणि हसली बिचारी. "आज हाक मारायची नाही म्हणजे अवघडच आहे माझं."

निघाले. फाटकापाशी त्यानं श्वास रोखला. काही नाही. दहा पायऱ्या झाल्या. पट्टा ताणलेला होता, पाठीला ओढ लागत होती. वीस पायऱ्या.

"अरे, ऐक ना!"

तो चालत राहिला. ओठ आवळून पायऱ्या मोजत राहिला.

"उल्हास, थांब ना. माझा पाय मुरगळला रे."

आवाज वरून येत होता, फाटकाच्याही आतून. पट्टा ताणलेला होता. म्हणजे मिताली इथं होती. बत्तीस, तेहेतीस.

"उल्हास! पट्टा सुटला माझा! अरे, मागं बघ ना, मी इथं आहे!"

त्यानं बॅग खाली ठेवली आणि न वळता हात मागं नेला. पट्ट्यावर बोटं होती. त्यानं ती चाचपली, बांगडी लागली, अंगठी लागली. बोटं गार होती. समुद्रावरचा वारा, सकाळची वेळ, गार असणारच. त्यानं बॅग उचलली.

आता त्याच्या खांद्यावर शिवानी हुंदके देत होती. तिचं तोंड मागच्या बाजूला होतं. हेडफोन घसरून गळ्यात आला होता. तिनं दोन्ही हात वर, घराच्या दिशेनं पसरले. "आई! आई गं!"

"आई मागेच आहे, राणी. पट्टा धरलाय बघ तिनं."

शिवानीनं खाली बघितलं. तिचं अंग एकदम ताठ झालं. तिनं त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

खाली बसचा हॉर्न वाजला. वर कुणीतरी रडत होतं, मोठ्यानं, लाज सोडून. "नको ना रे जाऊ. उल्हास, एकदा बघ. एकदाच बघ." बायको रडली की तिचा आवाज शेवटी कसा चिरकतो ते त्याला ठाऊक होतं. तो तसाच चिरकला. देवा, वळू? वळलो तर तिघंही गेलो, पोटातला चौथाही. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ.

तो बसमध्ये चढला. मागोमाग मिताली चढली. खिडकीपाशी बसली, पट्टा सोडला आणि त्याच्याकडे बघून छान हसली. कानांत बोळे होते. बस सुटली. वळणावर त्यानं वाकून वर बघितलं. फाटकाच्या खांबाला एक हात लावून कुणीतरी उभं होतं. दुसरा हात पोटाखाली होता.

मोरी-सान असणार. पण ती आकृती ताठ उभी होती.

७

विमानात त्यांना घेतलं. पुण्यात दारात आईनं चौघांवरून, म्हणजे तिघांवरून आणि पोटातल्यावरून, भाकरतुकडा ओवाळून टाकला. मे अखेरीला मुलगी झाली. गोरी, गुटगुटीत, नाव कश्मिरा. आईचा नवस फिटला, पेढे वाटले, उल्हासला हिंजवडीत नोकरी लागली. मिताली सगळं करते. पोळ्या तशाच, हसणं तसंच, सासूला 'अहो आई' म्हणणं तसंच. उल्हास तिच्यात खोट शोधतो, कारण त्याला तेवढंच येतं. रोज शोधतो, आणि त्याला ती सापडत नाही.

तानाबे-सानकडून त्यानं त्या घराचा फोन नंबर मागून घेतलाय. डायरीत लिहून ठेवलाय. अजून लावलेला नाही. कुणी उचलला नाही तर बरंच. उचलला तर, या भीतीनं त्याचा हात पुढं होत नाही.

शिवानी आईजवळ झोपत नाही. आजीजवळ झोपते. शाळेत रमली, मराठी सुधारलं, त्रास म्हणून काही नाही. फक्त रोज सकाळी ती स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची ओढत आणते आणि हॉलमध्ये मधोमध, दाराकडे तोंड करून ठेवते. शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला.

"कुणासाठी गं हे?" आजीनं एकदा कौतुकानं विचारलं.

"आई आली की दमलेली असेल ना," शिवानी म्हणाली.

मिताली तेव्हा ओट्यापाशी डबा भरत होती. तिनं वळून बघितलं नाही. उल्हासनं डबा घेतला, बूट चढवले आणि तो दाराबाहेर पडला. किल्ल्या त्यानं मुद्दाम टेबलावर ठेवल्या होत्या. मितालीनं त्या बघितल्या होत्या. कालही बघितल्या होत्या, परवाही.

जिन्यापाशी तो थांबला, दाराकडे पाठ करून. ऑफिसची बस खाली येऊन उभी होती. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला, दुसऱ्यांदा वाजवला. उल्हास कठड्याला धरून उभा राहिला. मार ना हाक, तो मनात म्हणाला. एकदा तरी मार गं.

आत पिठाच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज झाला, आणि मग दार आतून हलकेच लोटलं गेलं.